पुढची होडी

केबोन्ये सकाळपासून भ्यालेली होती, आणि ते पाणघोड्यापायी नव्हतं. पाणघोड्याची भीती रोजचीच. बावीस वर्षं ओकावांगो नदीच्या पाण्यात काठी मारून जी बाई पोट भरते, तिच्या जेवणात ती भीती मिठासारखी असतेच. आजची भीती मामाची होती. मामाला दिसत नव्हतं, आणि आज मामाची होडी पुढे होती.

मामा म्हणजे सांकोतो, तिच्या आईचा सख्खा भाऊ. त्याच्या मांडीवर पाणघोड्याच्या दाताचा वितभर व्रण होता, आणि तो व्रण धक्क्यावरच्या प्रत्येक नावाड्याने लहानपणी बोट लावून पाहिलेला. केबोन्येच्या हातात पहिली काठी त्यानेच दिली. बायकांनी मोकोरो, म्हणजे काठीने रेटायची लांबट होडी, चालवायची नाही असं सगळे म्हणत होते तेव्हा हा एकटा म्हणाला होता, "पाण्याला काय कळतंय कोण बाई नि कोण बुवा." त्याच्या त्या एका वाक्यावर तिची तीन पोरं शिकली.

पण गेल्या पावसाळ्यापासून मामा माणसं आवाजावरून ओळखायला लागला होता. ताटात मासा आला की तो काटे बोटांनी चाचपायचा आणि कुणी पाहिलं तर मिशीवर हात फिरवायचा. एकदा तर वाटेतल्या वाळक्या खोडाला त्याने "दुमेला, रा", म्हणजे 'राम राम, दादा', म्हणून वाकून नमस्कार घातला, आणि उत्तर आलं नाही म्हणून दिवसभर फणफणत राहिला, की आजकालच्या लोकांना साधी रीत उरली नाही. ओलेफिले नावाच्या दुसऱ्या नावाड्याने हे सगळ्या धक्क्याला सांगितलं. लोक पोट धरून हसले. मामा आला तेव्हा मात्र सगळे गप्प झाले आणि त्याला बसायला खुर्ची दिली.

ही आमची रीत. मोठ्या माणसाला त्याचं उणं तोंडावर सांगायचं नाही, आणि मामाला तर नाहीच नाही. मामाला तसं बोलणं म्हणजे आईलाच बोलणं. पाण्यावरही तेच. ज्याने तुमच्या हातात काठी दिली त्याची होडी पुढे, तुमची मागे. त्याला मागे टाकून जाणं म्हणजे त्याच्या अंगावरून चालत जाण्यासारखं. अशा रीतींनी गाव टिकतं म्हणतात. कधी कधी गाव बुडतंही, पण ते कोण बोलणार.

सप्टेंबर संपत आला होता. पूर ओसरला, उथळ पाणी आटलं, की पाणघोडे उरलेल्या खोल पाण्याकडे सरकतात आणि तिथे जागेवरून त्यांच्यात हाणामारी होते. ओलेफिले काठी खांद्यावर टाकून आला आणि म्हणाला, "रा सांकोतो, ओलांडणीच्या जागी एक नर येऊन बसलाय. कळपातून हाकललेला दिसतोय, एक कान फाटलाय. कालचे लोक लांबूनच माघारी फिरले."

"मला ठाऊक आहे."

"नाही, म्हटलं सांगावं."

"तुझ्या बापाला मी ओलांडणी शिकवली," मामा म्हणाला. "तू मला नको शिकवू."

ओलेफिलेने केबोन्येकडे पाहिलं. केबोन्येने आपल्या चपलेकडे पाहिलं.

पाहुणे दोनच होते. पोर्तुगालहून आलेली इनेश नावाची बाई आणि तिचे वडील, सत्तरीचे, मऊ बोलणारे, डोक्यावर गवती टोपी. इनेश एका मासिकासाठी प्रवाशांच्या उपयोगाची माहिती लिहायची. तिच्या वहीत प्रश्न आधीच लिहिलेले होते आणि ती ते एकेक करून विचारत होती. कुठला महिना चांगला? हिवतापाच्या गोळ्या इथे मिळतात की घरून आणायच्या? पाणी पिता येतं का? कपडे कुठल्या रंगाचे? मोबाईल चालतो का?

"घरूनच आणा, आणि परत गेल्यावरही घ्यायच्या, मध्येच सोडायच्या नाहीत," केबोन्ये म्हणाली. "कपडे मातीच्या रंगाचे. मोबाईल वारुळावर चढलात तर चालतो, कधी कधी."

"आणि सुरक्षित आहे का?"

हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. त्याचं उत्तर सफरी ठरवून देणाऱ्या ऑफिसातल्या मुलीने सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं. "अगदी सुरक्षित, मॅडम. आमचे नावाडी अनुभवी आहेत." केबोन्येने ते म्हटलं. इनेशने ते लिहून घेतलं. केबोन्ये तिची पेन्सिल थांबेपर्यंत बघत राहिली.

तिने एक प्रयत्न केला. "मामा, आजोबांना माझ्या होडीत घेते. बापलेक एकत्र बसतील."

"दोघांचं वजन तुला झेपायचं नाही. म्हातारा म्हाताऱ्याबरोबर बरा," मामा हसला, आणि त्याने इनेशच्या वडिलांच्या खांद्यावर थाप मारली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी दोघंही हसले. टोपी, पाण्याची बाटली आणि एक जुना कॅमेरा घेऊन आजोबा मामाच्या होडीत बसले.

मग केबोन्येने नेहमीचे नियम सांगितले. "होडीत उभं राहायचं नाही. हात पाण्यात घालायचा नाही. बाहेर झुकायचं नाही. टोपी पडली तर पडू द्या, तिच्यामागे जायचं नाही. मी 'बसा' म्हटलं की बसायचं, का ते नंतर विचारायचं. काही विचारायचंय?"

कुणाला काही विचारायचं नव्हतं.

तीन होड्या निघाल्या. पुढे मामा नि आजोबा, मागे केबोन्ये नि इनेश, आणि शेवटी सामान घेऊन ओलेफिले. पहिला तास उथळ पाण्यातून, लव्हाळ्यांतून गेला. मामाची पाठ ताठ होती, काठी लयीत पडत होती. या वाटा त्याच्या पायांना पाठ होत्या, त्यांना डोळे लागत नव्हते. केबोन्येला वाटायला लागलं, आपणच उगीच जीव टांगणीला लावून घेतलाय. ओलांडणीपाशी मामा काठीने होडीच्या कडेवर ठोकेल, जनावर फुरफुरून वर येईल, आणि मामाच्या कानांना ते आमच्या डोळ्यांआधी कळेल. कान तर त्याचे शाबूत होते.

लव्हाळे संपले आणि खोल प्रवाह समोर आला. पन्नास-साठ हात रुंद, काळसर, संथ. पलीकडच्या काठाला डावीकडे बोरूचं दाट बेट आणि त्यामागे एक मोठं वारुळ. मामा काठावर थांबला. त्याने काठीने होडीच्या कडेवर तीनदा ठोकलं. पाण्याखालच्या जनावराला तो आवाज जातो, ते डोकं वर काढतं, मग ते कुठे आहे बघायचं आणि त्याच्या खोल पाण्याची वाट न अडवता उथळ अंगाने निघून जायचं. ठोकण्याचा मान पुढच्या होडीचा. मागच्यांनी फक्त थांबायचं.

सगळे थांबले. एक मत्स्यगरुड ओरडला. नंतर काहीच नाही.

आणि मग उजवीकडे, लव्हाळ्याच्या सावलीत, तो वर आला. फुरफुरला नाही, पाणी उडवलं नाही. दोन डोळे आणि दोन कान, त्यातला एक फाटलेला. तीस-पस्तीस हातांवर. मामाचं तोंड नेमकं त्याच बाजूला होतं. तो सरळ त्या डोळ्यांत बघत होता.

"पाणी मोकळं आहे," मामा म्हणाला, आणि त्याने काठी रेटली.

आता ओरडायचं. दुसरं काही करायचं नव्हतं, इतकं सोपं होतं ते. पण केबोन्येची जीभ रेटेना. परक्या माणसांसमोर, मागच्या होडीतून, मामाला 'तुम्हाला दिसत नाही' म्हणायचं? ज्याने तिला पाण्यावर उभं केलं त्याला? तिने जे केलं ते आमच्याकडची कुठलीही चांगल्या वळणाची बाई करेल, आणि त्याची लाज तिला अजून वाटते. तिने सभ्य आवाजात म्हटलं, "मामा, जरा थांबू या का? पाहुणीला फोटो काढायचाय."

"पलीकडे गेल्यावर काढू दे की. तिकडे ऊन चांगलं पडतं."

इनेशने चमकून मागे पाहिलं. त्या बोलण्यातला 'फोटो' एवढाच शब्द तिला कळला, आणि तिने तर फोटोचं नावही काढलं नव्हतं. "मला फोटो नकोय," ती म्हणाली. "काय झालं?"

दोन्ही कान पाण्याखाली गेले. दिसणारा पाणघोडा बरा. बुडालेला पाणघोडा म्हणजे तो तुमच्याकडे निघालेला असू शकतो. मग बुडबुड्यांची एक रेघ लव्हाळ्यातून सुटली आणि मामाच्या होडीच्या दिशेने सरळ यायला लागली. होडी आता प्रवाहाच्या मध्यावर होती. आजोबांनी टोपी सारखी केली आणि कॅमेऱ्याचं झाकण काढलं.

उद्या धक्क्यावर आपण काय सांगणार आहोत ते केबोन्येला दिसलं. पाणी मोकळं दिसत होतं, असं सगळे म्हणतील. कुणी कुणाला दोष देणार नाही. अंत्यविधीला सगळं गाव येईल, आणि म्हातारा किती चांगला नावाडी होता ते सांगेल.

"मामा, तुम्हाला दिसत नाही," ती ओरडली. "तो उजवीकडून येतोय. तुम्हाला दिसत नाही, मामा."

मामाची पाठ एक श्वासभर ताठली. तो वळला नाही. पुढे जे बोलला ते अगदी कामाच्या आवाजात बोलला.

"किती लांब?"

"वीस हात. पाण्याखालून."

"मोकळं कुठे?"

"डावीकडे बोरू. वारुळाच्या खाली. मारा काठी. अजून. अजून डावीकडे, मामा, अजून."

मामाने काठी मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा सगळं अंग टाकून. काठी वाकली तरी सुटली नाही. आजोबा दोन्ही हातांनी होडीच्या कडा धरून बसले होते; त्यांना काही कळलं नव्हतं, पण मुलीचा चेहरा त्यांना दिसला असावा. "सरळ," केबोन्ये ओरडत होती, "आता सरळ, थांबू नका." होडीचं टोक बोरूत घुसलं आणि त्याच क्षणी पाणी फुगलं.

तो वर आला तो होडीच्या मागच्या टोकाखाली. जबडा उघडला तेव्हा आतला गुलाबी रंग केबोन्येला इतका स्पष्ट दिसला की तो पुढे कित्येक दिवस तिला भाकरी खाताना आठवायचा. मागचं टोक त्याच्या तोंडात कडाडलं. होडी उडाली, कलंडली. मामा आणि आजोबा दोघे बोरूत, गुडघाभर चिखलात पडले. मामाने हात फिरवला, हाताला कॉलर लागली, आणि तो आजोबांना तसाच फरफटत वारुळाच्या दिशेने ओढत गेला. तो तिकडे गेला कारण केबोन्ये किंचाळून सांगत होती, "समोर, समोर, चार पावलं, आता चढा."

"बाबा," म्हणत इनेश उठायला लागली.

"बसा."

ती बसली. होडी डुगडुगून सावरली. इनेशने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते आणि तिचा आवाज बोटांतून येत होता.

पाणघोड्याने होडीचा तुकडा थुंकून टाकला आणि तो वळला. आता त्याच्या नि केबोन्येच्या मध्ये नुसतं पाणी होतं. ती आपलं नाव विसरली असती, पण हातांनी काठी उलटी टेकवली आणि होडी इंच इंच मागे घेतली. मागे ओलेफिलेही तेच करत होता, आणि थट्टेखोर म्हणून गावभर ओळखला जाणारा तो माणूस तोंडातल्या तोंडात प्रार्थना पुटपुटत होता. जनावर बघत राहिलं. मग त्याने एकदा जोरात फुत्कार टाकला आणि बुडालं. कुठे गेलं ते कळेना. ही सगळ्यात वाईट वेळ होती. सगळे पाण्याकडे बघत होते आणि पाणी काही सांगत नव्हतं.

बऱ्याच वेळाने खाली, वळणापाशी, फाटका कान वर आला. लांब होता. केबोन्येने श्वास सोडला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय.

वरच्या अंगाने, उथळ पाण्यातून, दोन्ही होड्या वारुळापर्यंत आल्या. इनेशने वडिलांना मिठी मारली. आजोबांची टोपी गेली होती, कॅमेरा गेला होता, एका हाताला खरचटलं होतं, आणि ते चिखलाने भरलेल्या तोंडाने मुलीला सारखे तेच सांगत होते, बहुधा काही झालं नाही म्हणून. ओलेफिलेने थर्मासमधला चहा ओतला आणि डब्यातल्या मागविन्या, पिठाचे तळलेले गोळे, काढल्या. खाल्लं कुणीच नाही.

मामा वारुळाच्या पायथ्याशी एकटा बसला होता. केबोन्ये त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी कप पुढे केला. आज ती आईच्या भावाला परक्यांसमोर आंधळा म्हणाली होती.

"कधीपासून माहीत आहे तुला?" मामाने विचारलं.

"गेल्या पावसाळ्यापासून."

"आणि ओलेफिलेला?"

"सगळ्यांनाच माहीत आहे, मामा."

"त्या खोडाचंही?"

"हो."

मामाने कप हातात घेतला. "मला रोज वाटायचं, आता कुणीतरी बोलेल. कुणीच बोललं नाही. मग मी म्हटलं, अजून दिसत असेल थोडंफार. नाहीतर एवढी माणसं गप्प कशी बसतील?"

केबोन्येला हे ऐकवेना. तिला वाटलं होतं, तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. "माझं चुकलं," ती म्हणाली. "मी फोटोचं निमित्त काढलं. तो दिसला होता मला, आणि मी फोटोचं निमित्त काढलं."

"मला कळलं तेव्हाच," मामा म्हणाला. "फोटोसाठी तू कधी थांबवत नाहीस. मलाही कळलं, आणि तरी मी काठी मारली. त्या माणसाला मी बरोबर घेऊन निघालो होतो, पोरी."

त्याने मान वळवून, आवाजाच्या अंदाजाने, इनेशच्या दिशेने तोंड केलं. "तिला सांग, वहीत लिही म्हणावं. पुढच्या होडीवाल्याला आधी विचारायचं, समोरच्या झाडावर कुठला पक्षी बसलाय. सांगता आलं नाही तर त्याच्या होडीत बसायचं नाही. मग तो कितीही मोठा असो."

केबोन्येने ते तिला सांगितलं. होडी डुगडुगली तेव्हा इनेशची वही भिजली होती. तिने काही लिहिलं नाही, पण मामाजवळ जाऊन त्याचा चिखलाचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

परत जायला तोच प्रवाह ओलांडायचा होता, दुसरी वाट नव्हती. सामान वारुळावर ठेवलं. बापलेक ओलेफिलेच्या होडीत बसले. मामा बोरूत अडकून राहिलेली आपली काठी घेऊन केबोन्येच्या होडीपाशी आला, सवयीने मागे उभं राहायला गेला, आणि थांबला. मग त्याने काठी ओलेफिलेच्या हातात दिली. जिच्यावर त्याच्या हाताचे खळगे पडले होते, ती काठी.

मामा होडीत पुढे बसला, पाय पसरून, पाहुणे बसतात तसा. लहानपणानंतर तो होडीत असा कधी बसला नसेल. आता केबोन्येची होडी पुढे होती. पाणी पुन्हा काळं आणि संथ होतं, आणि फाटक्या कानाचा कुठे पत्ता नव्हता. तिला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती. तिने काठी घट्ट धरली, आणि ती रोजचे नियम सांगायला लागली.

"होडीत उभं राहायचं नाही, मामा. हात पाण्यात घालायचा नाही. बाहेर झुकायचं नाही. मी 'बसा' म्हटलं की बसायचं, का ते नंतर विचारायचं. काही विचारायचंय?"

मामाने दोन्ही हात आत घेऊन मांडीवरच्या व्रणावर ठेवले.

"सुरक्षित आहे का?" त्याने विचारलं.

ओलेफिले मागून बघत होता. इनेशही बघत होती. केबोन्येने होडीच्या कडेवर तीनदा ठोकलं आणि पाण्यावरून डोळे हलू दिले नाहीत.

"नाही, मामा," ती म्हणाली. "पण मला दिसतंय."

खाली वळणापाशी कान वर आले. ती थोडा वेळ थांबली, मग वरच्या अंगाने तिने काठी टेकवली आणि होडी पाण्यात घातली.